उन्हाची बाजू घेणारा गणिती

वैशाखात नांदेड किंवा लातूरला गेलेल्या पाहुण्याला दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, पत्र्याच्या घरात बसवत नाही, विहिरी तळ गाठतात. या उन्हाकडे संकट म्हणूनच पाहायची आपल्याला सवय लागली आहे. पण हे ऊन म्हणजे देशाची मोठी ठेव आहे, असे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ठासून सांगणारा एक विद्वान आपल्यात होऊन गेला. गोव्यात जन्मलेला आणि आयुष्याचा मोठा भाग पुण्यात काढलेला हा माणूस म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. सूर्याची वकिली करताना त्यांनी काय गमावले, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नाही.

31 जुलै 1907 रोजी गोव्यातील कोसबेन येथे त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी घरदार सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेलेले पाली पंडित. अमेरिकेत हार्वर्डला त्यांना काम मिळाले, तेव्हा त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेले. मुलगा तिथेच शिकला आणि 1929 मध्ये हार्वर्डची पदवी उत्तम रीतीने मिळवून परतला. बनारस, अलीगढ असे करत तो पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागला. वर्गात ते कडक होते म्हणतात, आणि त्यात आश्चर्य नाही. कोणाचीही भीड न ठेवण्याचा स्वभाव त्यांना आयुष्यभर नडला.

त्यांची बुद्धी एका शेतात राबणारी नव्हती. प्राचीन नाणी पुढे आली, तर ती हजारोंनी तराजूत घालून वापराने झालेली झीज मोजायची आणि त्यावरून काळ ठरवायचा. भर्तृहरीची सुभाषिते हाती घेतली, तर शेकडो हस्तलिखिते ताडून शुद्ध पाठ सिद्ध करायचा. 1944 मध्ये त्यांनी आनुवंशशास्त्रासाठी मांडलेले सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवत अश्मयुगीन दगडी हत्यारे वेचणे, हा तर त्यांचा छंदच.

डॉ. होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली तेव्हा कोसंबींना आग्रहाने बोलावून घेतले. कोसंबींनी पुणे सोडले नाही. डेक्कन क्वीनने सकाळी जायचे, संध्याकाळी परतायचे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे ठेवला. सुरुवातीला दोघांचे सूत चांगले जमले होते. बिनसले ते पुढे, आणि त्यातला एक मोठा मुद्दा होता विजेचा.

भाभा अणुशक्तीचे शिल्पकार. देशाचा पैसा, मान आणि उमेद त्या बाजूला होती. कोसंबी त्यांच्याच संस्थेत राहून उलटे बोलू लागले. 1960 च्या जुलैमध्ये पुण्याच्या रोटरी क्लबात त्यांनी हा विषय उघडपणे मांडला. त्यांचा हिशेब साधा होता. अणुभट्टीचा खरा खर्च कोणी पुरता मांडत नाही. शिवाय एका जागी केलेली वीज लाखो खेड्यांत न्यायची तर खांब आणि तारा यांचा खर्च वेगळाच. ऊन मात्र आपणहून प्रत्येकाच्या दारात येते. थंड देशांना या संशोधनाची निकड नाही, ती आपल्याला आहे. तेव्हा ते आपणच करायला हवे. कर्ज काढून पाणी विकत घ्यायचे आणि अंगणातली विहीर उपसायची नाही, असाच हा प्रकार त्यांना वाटत असावा.

न्याय दोन्ही बाजूंना द्यायला हवा. त्या वेळी सूर्यप्रकाशापासून वीज करणारा घट नुकताच जन्मला होता. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने 1954 मध्ये दाखवलेला सिलिकॉनचा घट पडलेल्या उन्हाचा सहा टक्के भाग विजेत बदलत असे आणि इतका महाग होता, की त्याची जागा अवकाशात सोडलेल्या उपग्रहांवरच होती. भाभांच्या पक्षाने याकडे बोट दाखवले तर ते चूक नव्हते.

पण त्या घटातच पुढची वाट होती. शुद्ध सिलिकॉन वीज जेमतेम वाहतो. आर्सेनिक मिसळलेल्या सिलिकॉनच्या पृष्ठभागात किंचित बोरॉन मुरवला, तेव्हा कुठे घट चालला. भाजीत मीठ चवीपुरतेच असते, पण त्याशिवाय भाजी खाववत नाही, तसे हे. या मिसळणीला शास्त्रज्ञ डोपिंग म्हणतात. आज तिचीच कसोटी पेरोव्स्काइट या नव्या पदार्थावर लागली आहे. उरल पर्वतातील एका खनिजाला 1839 मध्ये रशियन सरदार पेरोव्स्की यांचे नाव मिळाले. त्याच ठेवणीचे स्फटिक शिसे, आयोडीन आणि सेंद्रिय क्षार यांपासून तयार करतात. सिलिकॉनसाठी हजार अंशांहून अधिक तापलेली भट्टी लागते. हे स्फटिक मात्र द्रावण पसरून, शंभर-दीडशे अंशांवर तापवून मिळतात. म्हणजे छोट्या प्रयोगशाळेलाही हात घालता येईल असे हे काम आहे. जपानमध्ये 2009 साली असा घट 3.8 टक्क्यांवर होता, आज प्रयोगशाळेत तो 26 टक्क्यांच्या पुढे गेला आहे.

अडचण आहे ती टिकण्याची. ओल आणि उष्णता लागली की स्फटिक मोडतो. 2016 मध्ये सेंद्रिय घटकांत थोडे सिझियम मिसळल्यावर त्याचा सांगाडा घट्ट झाला आणि क्षमताही 21 टक्क्यांवर गेली. किंचित पोटॅशियम घातले, तर स्फटिकातल्या उणिवा झाकल्या जातात. तरी सिलिकॉनच्या पट्ट्या पंचवीस वर्षांची हमी देतात, तशी हमी इथे अजून लांब आहे. पट्ट्यांना 85 अंश उष्णता आणि 85 टक्के आर्द्रतेत हजार तास ठेवून तपासतात. लातूरच्या मे महिन्यात छपरावरची पट्टी साठ अंशांच्या वर तापते आणि लगेच नांदेडकडचा पावसाळा लागतो, हे पाहिले की ती परीक्षा अवाजवी वाटत नाही. शिशाच्या विषाचा प्रश्नही उरतोच. रात्री-बेरात्री वीज आली की विंचू-काट्यातून मोटर सुरू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा चालणाऱ्या सौर पंपाचे मोल वेगळे सांगायला नको. म्हणून हे घट स्वस्त आणि टिकाऊ होण्यात मराठवाड्याचा स्वार्थ आहे.

कोसंबींच्या हयातीत यातले काही झाले नाही. 1962 मध्ये टाटा संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. इतिहासात रमल्याने गणिताकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार होती. अणुशक्तीवरची टीकाही आड आली, असे त्यांचे चरित्रकार मानतात. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी गेली, पण ते गप्प बसले नाहीत. सौरशक्तीची बाजू त्यांनी त्यानंतरही मांडली, आणि प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक 1965 मध्ये बाहेर आले. मधल्या काळात, 1964 मध्ये, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय शास्त्रज्ञपद दिले होते.

1966 च्या जानेवारीत भाभांचे विमान माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. पाच महिन्यांनी, 29 जूनला, पुण्याच्या घरी कोसंबी झोपेतच गेले. तारापूरची अणुवीज सुरू झाली ती 1969 मध्ये. ती पाहायला दोघांपैकी कोणीच उरले नव्हते.