आईचा पूल आणि मधुबाला

डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना आई मध्येच थांबायची. भाजीची पिशवी पायरीवर टेकवायची, दम खायची आणि मग उरलेल्या पायऱ्या चढायची. वय झाले, असे आम्ही म्हणत असू. औषध देणारेही तेच सांगत. २००६ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, छाती फार धडधडू लागली म्हणून इको काढला, तेव्हा कळले की आईच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक आहे! दोन बाळंतपणे, चाळीस वर्षांचा संसार, सारे तिने त्या भोकासकट केले होते. आम्ही हबकलो. आई मात्र एवढेच म्हणाली की, मधुबालालाही हेच होते.

‘मुगल-ए-आझम’ तिने सतराव्या वर्षी पाहिला होता. त्या रात्रीपासून मी मधुबालाची गोष्ट नव्याने वाचू लागलो.

१४ फेब्रुवारी १९३३ रोजी दिल्लीत जन्मलेली मुमताज लहानपणीच घरची मिळवती झाली. वडिलांची नोकरी गेली, कुटुंब मुंबईला आले आणि १९४२च्या ‘बसंत’मध्ये ही चिमुरडी पडद्यावर आली. १९४७च्या ‘नीलकमल’मध्ये ती राज कपूरची नायिका झाली, तेव्हा चौदा वर्षांची होती. १९४९च्या ‘महल’ने तिला घराघरांत पोचवले.

१९५४ साली मद्रासला ‘बहुत दिन हुए’च्या चित्रीकरणात तिला रक्ताची उलटी झाली. तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मजात भोक होते. डावा कप्पा साऱ्या शरीराला रक्त पुरवतो, म्हणून त्याचा जोर मोठा. त्या जोराने रक्त भोकातून उजवीकडे घुसते आणि फुप्फुसांवर भार पडतो. वर्षानुवर्षे असे चालले की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या कडक होतात. मग भोक बुजवणेही जिवावर बेतते.

दैवाचा खेळ पाहा. त्याच वर्षी, २६ मार्चला, अमेरिकेत मिनेसोटा येथे डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी एका बाळाच्या हृदयातले असेच भोक शिवले. ते बाळ पुढे दगावले, पण वाट सापडली. मधुबालापर्यंत ती वाट वेळेत पोचली नाही.

आजार लपवून ती काम करीत राहिली. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ आणि ‘चलती का नाम गाडी’मधली तिची खट्याळ नायिका पाहताना कुणाला शंका यावी? ‘मुगल-ए-आझम’मध्ये तर तिने अंगावर जड साखळदंड वागवले. १९६० साली तो चित्रपट झळकला, त्याच वर्षी किशोरकुमारशी तिचे लग्न झाले. लंडनच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. आयुष्य फार तर दोन वर्षांचे, असे त्यांचे मत पडले. ती नऊ वर्षे जगली, पण शेवटची वर्षे बहुतेक अंथरुणावरच. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी ती गेली. छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊच दिवस झाले होते.

मग आई त्रेसष्टपर्यंत कशी पोचली? तिचे भोक वरच्या दोन कप्प्यांमधले होते. तिथे रक्ताचा दाब कमी असतो, म्हणून फुप्फुसे कित्येक वर्षे भार सोसतात. तक्रार सुरू होते ती चाळिशी-पन्नाशीनंतर, दम लागणे आणि धडधड होणे अशी, आणि आपण ती वयाच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. आईच्या फुप्फुसांतला दाब अजून आटोक्यात होता. मांडीच्या शिरेतून नळी घालून डॉक्टरांनी भोकावर छोटेसे झाकण बसवले. छाती उघडावी लागली नाही. सर्वांनाच हा उपाय चालतो असे नाही, पण तपासल्याशिवाय ते कळणार कसे?

दोन महिन्यांनी आई तो पूल न थांबता चढली. वर पोचल्यावर तिने मागे वळून पाहिले. मी मधल्या पायरीवर उभा होतो, तिची पिशवी हातात घेऊन.