पंडिता रमाबाई आणि न मिळालेले उत्तर



अकोल्याहून पुण्याच्या गाडीत बसले की मनमाड करीत गाडी दौंडला येते, आणि दौंड सोडल्यावर थोड्याच वेळात केडगाव नावाचे लहानसे स्टेशन लागते. पातूरची आपली मुले शिक्षणाला, कामधंद्याला याच वाटेने पुण्यास जातात. बहुधा केडगाव झोपेतच मागे पडते. पण याच गावी पंडिता रमाबाई राहिल्या, राबल्या आणि वारल्या. आज त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे.

आपल्या वऱ्हाडात दुःखाचे घर शोधायला लांब जावे लागत नाही. कुणाच्या घरी तरणाताठा मुलगा जातो, कुणाचा कर्ता माणूस कर्जापायी विष घेतो. आम्ही सांत्वनाला जातो, रोझरी म्हणतो, चहा घेतो. आणि उठता उठता कुणीतरी हलक्या आवाजात बोलतेच : ही बाई पांढऱ्या पायाची, किंवा यांची प्रार्थना कमी पडली. खरे सांगायचे तर आम्हीही असे बोललो आहोत. रमाबाईंचे सारे आयुष्य अशा बोलण्याच्या माऱ्यात गेले.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून शास्त्रीमंडळींपुढे त्यांना जाब द्यावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. दुष्काळ आला तेव्हा जवळचा पैसा दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपला होता. देव मार्ग दाखवील या आशेने त्यांनी उपास केले, रानातला पाला आणि फळे खाऊन दिवस काढले. शेवटी आंधळ्या झालेल्या वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. मुलगा श्रीनिवास म्हणाला की आपण ब्राह्मणपण बाजूला ठेवून मजुरी करू. वडिलांनी तो विचार सोडला खरा, पण लवकरच, १८७४ साली, ते वारले. पाठोपाठ आई गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा सोळा वर्षांची रमा स्वतः पुढे झाली. उंची कमी, म्हणून तिला तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला. मग थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

ही माणसे देवभोळी होती, नेमधर्म पाळणारी होती. मग त्यांच्याच वाट्याला हे का? या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंना तेव्हा मिळाले नाही, आणि आमच्या वाचनात तरी नंतरही कधी मिळालेले दिसत नाही.

भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथे रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव होऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर विवाह केला. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. रमाबाई २३ वर्षांच्या, पदरात दहा महिन्यांचे मूल. त्या काळी वैधव्य हे बाईच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाई. म्हणजे दुःख तिचे आणि गुन्हाही तिचाच!

१८८३ साली त्या इंग्लंडला, वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात गेल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. त्या परक्या देशात आनंदीबाईंनी आत्महत्या केली. येथे आम्ही थोडे थांबतो, कारण हा शब्द आपल्या भागात फार जवळचा आहे. अशा घरी शेजारीपाजारी लगेच निवाडा देऊन मोकळे होतात. आपली ख्रिस्तसभा तसे करीत नाही. १९९२ साली पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात, आत्महत्या केलेल्या माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये, ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असेच शिकवले आहे. ज्या घरांना हे कुणी सांगितले नसेल त्यांना जरूर सांगावे.

या आघातानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आता तरी बोलणी थांबावीत! उलट दोन्हीकडून सुरू झाली. इकडे पुण्यात लोक म्हणाले, बाई बाटली. तिकडे मठातल्या सिस्टर जेराल्डाइन, ज्या त्यांच्या धर्ममाता होत्या, त्यांना रमाबाई गर्विष्ठ वाटू लागल्या. कारण रमाबाई प्रश्न विचारीत. पवित्र त्रैक्याची शिकवण त्यांना पटकन उमगेना, आणि उमगली नाही ती उमगली असे म्हणायला त्या तयार नव्हत्या. त्या अंडेही खात नसत, तर त्यातही जातीचा अभिमान शोधला गेला. रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या आणि त्यांची सारी मते आम्हाला मान्य आहेत असेही नाही. पण शंका आहे म्हणून श्रद्धा नाही, असा निकाल त्यांच्या बाबतीत ज्यांनी दिला ते चुकले. बाप्तिस्मा घेतल्यावरही मनाला खरी शांती लाभायला त्यांना १८९१ सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या आठ वर्षांत त्यांनी प्रभूला सोडले नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. पहाटे त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. १८९३ साली यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. रमाबाईंनी दार लावून घेतले नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. आपल्या वऱ्हाडालाही त्याची झळ लागली, आणि शेजारच्या मध्य प्रांतात तर माणसे रस्त्यावर मरत होती. रमाबाई तेथे स्वतः गेल्या. वीस वर्षांपूर्वी स्वतः भोगलेली भूक त्यांना तेथल्या मुलींच्या चेहऱ्यांवर दिसली असेल, यात आम्हाला शंका वाटत नाही. हा दुष्काळ कुणाच्या पापाने पडला, हा प्रश्न त्यांनी काढला नाही. तो प्रश्न काढणारे पुष्कळ होते. जन्मांधाविषयी शिष्यांनी प्रभूला हेच विचारले होते, आणि प्रभूने त्यांचा प्रश्नच बाजूला सारून त्या माणसाला दृष्टी दिली. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली गोळा केल्या, त्यांना धुतले, जेवू घातले आणि केडगावला नेले. तेच मुक्ती सदन. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेलचे शिक्षण, सारे तेथे होते.

मनोरमा शिकून आईच्या हाताशी आली. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागले होते, कामाचा भार लेकीवर होता, आपल्यामागे तीच सांभाळील हे ठरल्यासारखेच होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमा चाळिसाव्या वर्षी वारली. ज्या बाईने हजारो परक्या लेकी वाचवल्या तिची एकुलती एक लेक तिच्या आधी गेली. आपल्यापैकी ज्यांनी मूल पुरले आहे, त्यांना याहून अधिक काही सांगायला नको. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले. रमाबाईंजवळ कोण किती बोलले असतील, देव जाणे.

त्या वेळी रमाबाईंच्या हाती पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम होते. खेड्यातल्या अडाणी बाईलाही कळावे अशा साध्या भाषेत, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेऊन, त्या ते वर्षानुवर्षे करीत होत्या. लेकीला पोचवून त्या पुन्हा त्याच कामाला बसल्या. प्रकृती ढासळत होती, पण मुद्रिते तपासणे चालू होते. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे, झोपेतच, त्यांनी देह ठेवला. १९२४ साली ते पवित्र शास्त्र केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. तेथले कामही मुक्तीतल्या मुलीच करीत.