बर्फावरची पहिली विजेती

आपल्या वर्धा जिल्ह्यात बर्फ कोठे दिसतो? उन्हाळ्यात सरबताच्या गाडीवर, नाहीतर गोळेवाल्याजवळ. परंतु जगात असेही देश आहेत, जेथे हिवाळ्यात तळी गोठून जातात. पाण्याची जणू फरशीच तयार होते. तेथील लोक बुटांच्या तळाला पोलादी पाते बसवतात आणि बर्फावरून घसरत जातात. या खेळाला स्केटिंग म्हणतात. बर्फावर आकृत्या काढणे, गिरक्या घेणे, उड्या मारणे हा त्याचाच एक प्रकार आहे. त्याचे नाव फिगर स्केटिंग. हा खेळ कधी एकट्याने खेळतात, तर कधी स्त्री आणि पुरुष जोडीने खेळतात. या खेळात स्त्रियांसाठी वाट मोकळी करणाऱ्या मॅज सायर्सची ही गोष्ट आहे.

मॅजचा जन्म १६ सप्टेंबर १८८१ रोजी लंडन शहरात झाला. तिचे माहेरचे आडनाव केव्ह. तिचे वडील घरे बांधण्याचा व्यवसाय करत. घरात भावंडे पुष्कळ होती. मॅजला लहानपणापासून खेळांची आवड होती. पुढे ती लंडनमधील प्रिन्सेस स्केटिंग क्लबमध्ये जाऊ लागली. तेथे यंत्रांच्या साहाय्याने बर्फ तयार करत असत.

१८९९ मध्ये तिची ओळख एडगर सायर्स याच्याशी झाली. तो उत्तम स्केटर होता. त्या काळी इंग्लंडमध्ये हात-पाय ताठ ठेवून स्केटिंग करण्याची रीत होती. एडगरने तिला युरोपातील मोकळी, लयदार पद्धत शिकवली. १९०० मध्ये दोघांचे लग्न झाले. ते जोडीने खेळू लागले. त्याच वर्षी बर्लिन येथील जोडी स्पर्धेत त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला.

१९०२ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा लंडनला भरली. या स्पर्धेत तोपर्यंत फक्त पुरुषच खेळत असत. मॅजने नियम नीट वाचले. स्त्रियांना मनाई आहे, असे त्यांत कोठेही लिहिलेले नव्हते. स्त्री या स्पर्धेत उतरेल, असे कोणाला वाटलेच नव्हते! मॅजने आपले नाव दिले. तिच्यासमोर तीन पुरुष होते. त्यांतील दोघांना मागे टाकून ती दुसरी आली. पहिला आला स्वीडनचा उलरिक साल्शोव्ह. त्याच्या नावाची उडी आजही स्केटर मारतात.

एका स्त्रीने असे यश मिळवले, तेव्हा तिचे कौतुक व्हायला हवे होते. पण झाले उलटेच. १९०३ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने या स्पर्धेत भाग घेण्यास स्त्रियांना बंदी केली. स्त्रियांच्या लांब घागऱ्यांमुळे पंचांना त्यांचे पाय दिसत नाहीत, असे एक कारण सांगण्यात आले. फिगर स्केटिंगमध्ये पायांची हालचाल फार महत्त्वाची असते, हे खरे. पण या अडचणीवर उपाय सोपा होता. मॅज पोटरीपर्यंत येणारा आखूड घागरा घालून खेळू लागली.

ब्रिटनच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र स्त्री-पुरुष एकत्र खेळू शकत होते. १९०३ मध्ये मॅजने ती स्पर्धा जिंकली. १९०४ मध्ये ती पुन्हा पहिली आली. त्या वेळी दुसरा क्रमांक कोणाचा होता? तिच्या पतीचा, एडगरचा!

अखेर संघटनेला स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा सुरू करावी लागली. १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधील डाव्होस गावी ती प्रथम भरली. मॅजने ती जिंकली. १९०७ मध्ये व्हिएन्ना येथेही तीच विजेती ठरली.

१९०८ चे ऑलिंपिक सामने लंडनमध्ये झाले. हिवाळी ऑलिंपिक तेव्हा सुरू झाले नव्हते. ते १९२४ मध्ये सुरू झाले. परंतु १९०८ च्या सामन्यांत फिगर स्केटिंगचा प्रथमच समावेश झाला. त्या स्पर्धा प्रिन्सेस क्लबच्याच बर्फावर झाल्या. पाचही पंचांनी मॅजला पहिला क्रमांक दिला. ती या खेळातील पहिली महिला ऑलिंपिक विजेती ठरली. जोडीच्या स्पर्धेत मॅज आणि एडगर यांनी कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी दोघांनी मिळून हिवाळी खेळांवरील एक पुस्तकही तयार केले.

दुर्दैवाने मॅजची प्रकृती खालावत गेली. ऑलिंपिकनंतर तिने स्पर्धांतून निवृत्ती घेतली. ९ सप्टेंबर १९१७ रोजी हृदयविकाराने तिचे निधन झाले. तेव्हा ती अवघी ३५ वर्षांची होती. १९८१ मध्ये, तिच्या जन्माला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, जगातील थोर फिगर स्केटरांच्या सन्मान-यादीत तिचे नाव घेण्यात आले.

आज हिवाळी ऑलिंपिकमध्ये अनेक देशांच्या मुली बर्फावर उतरतात. त्यांना नाव देण्यासाठी नियमांतील पळवाट शोधावी लागत नाही. मॅजला ती शोधावी लागली होती. तिने हक्क मागितला आणि आपल्या खेळाने तो सिद्धही केला.