जॉर्ज ब्रफ
जॉर्ज ब्रफ (२१ एप्रिल, इ.स. १८९० – १२ जानेवारी, इ.स. १९७०) हे इंग्लंडमधील मोटारसायकल निर्माते व शर्यतपटू होते. नॉटिंगहॅम येथे जन्मलेल्या ब्रफ यांनी वडिलांच्या मोटारसायकल व्यवसायातून बाहेर पडून इ.स. १९१९ मध्ये ब्रफ सुपीरियर ही कंपनी स्थापन केली.

त्यांच्या कारखान्यात प्रत्येक गाडी दोनदा जोडली जाई. भाग नीट बसतात याची खात्री झाल्यावर ती सुटी करून, रंग व मुलामा देऊन पुन्हा जोडत आणि मग तिची चाचणी घेत. इ.स. १९२४ च्या एसएस १०० या गाडीला ताशी १०० मैल (सुमारे १६१ किमी) वेगाची लेखी हमी होती. ब्रफ स्वतः रस्त्यावर व ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर गाड्या चालवत. इ.स. १९२८ मध्ये फ्रान्समधील आर्पाजों येथे त्यांनी एका दिशेने ताशी सुमारे २१० किमी वेग गाठला. विक्रमासाठी दोन्ही दिशांची सरासरी आवश्यक होती. परतीच्या फेरीत इंजिन बिघडल्याने तो अधिकृत ठरला नाही.

लेखक टी.ई. लॉरेन्स हे त्यांचे ग्राहक होते. इ.स. १९३५ मध्ये एसएस १०० वरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या ह्यू केर्न्स यांनी पुढे हेल्मेटच्या उपयुक्ततेवर संशोधन केले. दुसऱ्या महायुद्धामुळे इ.स. १९४० मध्ये ब्रफ यांचे मोटारसायकल उत्पादन थांबले. तोपर्यंत सुमारे ३,००० गाड्या तयार झाल्या होत्या.