दीड दिवसाची शाळा, तीसहून अधिक कादंबऱ्या. अण्णा भाऊ साठे लिहायचे कसे?

'फकिरा' लिहिणारे अण्णा भाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले, असे सांगितले जाते. मग एवढे लेखन त्यांच्या हातून कसे झाले? उत्तर मुंबईच्या गिरणगावात आहे.

अक्षरे कुठे शिकले?
१ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव (आताचा सांगली जिल्हा) येथे मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गावच्या शाळेत जातीमुळे अपमान वाट्याला आला आणि शाळा सुटली. पुढे वडिलांसोबत ते पायी मुंबईला आले. हमाली, पडेल ते काम आणि मोरबाग गिरणीत नोकरी केली. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर्स वाचत अक्षरओळख पक्की केली.

लेखनाची सुरुवात कशी झाली?
आधी गाण्याने. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहताना त्यांनी तिथल्या डासांवर गाणे रचले. मग स्टालिनग्राडचा पोवाडा आला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे राहिले. परळ-लालबागच्या कामगारांपुढे कार्यक्रम करताना श्रोत्याला धरून कसे ठेवायचे, याचा सराव झाला. पाल्हाळ लावला तर दिवसभर राबलेला माणूस उठून जाणार. त्यांच्या कथेतही म्हणूनच प्रसंग लगेच सुरू होतो, वाक्ये आटोपशीर असतात आणि संवाद बोलीतले असतात.

पात्रे कुठून आणली?
आपली माणसे पाहिलेली, सोबत जगलेली आहेत, असे ते सांगत. 'फकिरा'चा नायक घरच्या आठवणीतला. अण्णा भाऊंच्या जन्मावेळी फकिराने लुटीतले रुपये बाळंतिणीसाठी दिले, अशी आठवण साठे कुटुंबात सांगितली जाई. त्या बीजातून दुष्काळात लोकांना जगवण्यासाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा नायक उभा राहिला.

'स्मशानातील सोनं' ही मुंबईच्या उपनगरातली कथा. खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा मढी उकरून सोने शोधतो. त्यात तो हाताची बोटे गमावतो आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. इथे लेखक भीमाला दोष देत नाही आणि त्याची बाजूही मांडत नाही. काम गेले की माणूस कुठवर जातो, एवढेच दाखवतो.

दखल घेतली गेली का?
१९५८ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. १९५९ मध्ये आलेली 'फकिरा' डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. तिला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. त्यांनी रशियाचा प्रवास केला आणि त्यावर पुस्तकही लिहिले. तरीही बरीच वर्षे ते घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून लिहीत होते. वाचक भरपूर असूनही प्रस्थापित समीक्षेने त्यांच्याकडे दीर्घकाळ पाठ फिरवली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी, हलाखीतच त्यांचे निधन झाले.

आज काय उरते?
त्यांची पुस्तके आता विद्यापीठांत अभ्यासाला आहेत. लिहिण्यासाठी निवांत खोली, पदवी किंवा ग्रंथसंग्रह यांपैकी काहीच त्यांच्याकडे नव्हते. ऐकण्याची सवय आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यातच राहणे, हीच त्यांची तयारी होती.