तीनदा सिंहासन गमावलेला सम्राट : चीनचा पुयी

राजे गेले म्हणजे काय होते, हे बडोद्यातल्या मराठी घरांना समजावून सांगावे लागत नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. या दोन्ही गोष्टी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिल्या. चीनमध्ये मात्र राजेशाही गेल्यापासून कम्युनिस्ट राजवट येईपर्यंत ३७ वर्षे लढाया आणि उलथापालथीत गेली. या सगळ्या काळातून गेलेला एक माणूस म्हणजे तिथला शेवटचा सम्राट पुयी. त्याचे चरित्र आपण थोडक्यात पाहू.

पुयीचा जन्म ७ फेब्रुवारी १९०६ रोजी पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, मांचू राजघराण्यात झाला. १६४४ पासून चीनवर त्याच्या चिंग घराण्याचे राज्य होते. १९०८ साली राजमाता त्सू शी मरणपंथाला लागली होती. तिने या पावणेतीन वर्षांच्या पोराला वारस नेमले आणि त्याला आईपासून तोडून राजवाड्यात नेण्यात आले. २ डिसेंबर १९०८ रोजी राज्यारोहण झाले, तेव्हा तो सिंहासनावर बसून रडत होता. आता लवकरच संपेल, असे सांगून वडील त्याची समजूत काढत होते. दरबाऱ्यांना तो अपशकुन वाटला.

तीन वर्षांत तसेच घडले. ऑक्टोबर १९११ मध्ये वूचांग येथे बंड झाले आणि एकेक प्रांत हातचा गेला. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी राजमाता लुंगयू हिने त्याच्या वतीने राज्यत्याग जाहीर केला. त्या वेळी पुयी जेमतेम सहा वर्षांचा होता.

नव्या प्रजासत्ताकाशी झालेला करार वाचला तर आपल्याकडच्या तनख्यांची आठवण येते. सम्राटाची पदवी राहील, राजवाड्यात तूर्त राहता येईल आणि दरसाल ४० लाख ताएल चांदीइतकी रक्कम मिळेल, असे ठरले. ती पूर्ण कधीच मिळाली नाही. थाट मात्र पूर्वीचाच राहिला. तेव्हा राजवाड्यातल्या सोन्याच्या वस्तू बँकांकडे गहाण पडू लागल्या. सोन्याच्या घंटांचा एक अमोल संचही त्यात होता.

निषिद्ध नगरीच्या भिंतींच्या आत पुयी देवासारखा वाढला. खोजे त्याच्या पाया पडत, कपडे घालत, दारे उघडत. त्याला रागावणारे कोणी नव्हते. लहरीखातर तो खोज्यांना फटके मारायला लावी. जिच्यावर त्याची माया होती त्या दाईलाही तो आठ वर्षांचा असताना काढून टाकले. १९१७ साली झांग शुन नावाच्या सेनापतीने त्याला पुन्हा सिंहासनावर बसवले. ते राज्य १२ दिवस टिकले. १९१९ पासून रेजिनाल्ड जॉन्स्टन हा स्कॉटिश शिक्षक त्याला इंग्रजी शिकवू लागला. पुयीने वेणी कापली, सायकल चालवली, चष्मा लावला. १९२३ साली त्याने खजिन्याची मोजदाद करायचा हुकूम सोडला, आणि थोड्याच दिवसांत एका महालाला आग लागून तिथला ठेवा भस्मसात झाला. चोरी लपवण्यासाठी खोज्यांनीच आग लावली, असा संशय धरून त्याने बहुतेक खोज्यांना हाकलून दिले. गंमत अशी, की त्या काळात तो स्वतःही धाकटा भाऊ पूज्ये याच्या हातून शेकडो दुर्मीळ चित्रे आणि ग्रंथ बाहेर पाठवत होता.

५ नोव्हेंबर १९२४ रोजी सेनापती फेंग युश्यांगच्या सैन्याने त्याला राजवाड्यातून बाहेर काढले. पुढे तो तिआनजिन शहरात जपानी वसाहतीच्या आश्रयाला राहिला. १९२८ साली एका सेनापतीच्या सैनिकांनी त्याच्या पूर्वजांच्या कबरी फोडून लुटल्या. प्रजासत्ताकाबद्दलचा त्याचा राग तेव्हापासून द्वेषात बदलला. १९३१ साली त्याची दुसरी पत्नी वेनश्यू हिने त्याच्याकडून घटस्फोट घेतला. त्याच वर्षी जपान्यांनी मांचुरिया बळकावला आणि त्यांना नावापुरता एक राजा हवा होता. पुयी स्वतःहून गेला. १९३२ साली तो मांचुकुओ या नव्या राज्याचा प्रमुख झाला आणि १ मार्च १९३४ रोजी सम्राट.

कारभार जपानी सैन्याचा होता आणि पुयी सही करत होता. त्या सह्यांखाली शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, माणसे वेठबिगारीला जुंपली गेली, अफूचा सरकारी व्यापार चालला. राजवाड्यात त्याची पत्नी वानरोंग हीच अफूच्या आहारी जाऊन खंगत गेली. याच काळात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जपान्यांशी लढणाऱ्या कम्युनिस्ट सैन्याच्या जखमींवर उपचार करत होते. डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी ते तिथेच वारले. दोघांच्या वयात पाच वर्षांचेही अंतर नव्हते.

ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा मांचुरियात शिरल्या. पुयीने तिसऱ्यांदा राज्यत्याग केला आणि जपानला पळून जाताना मुकदेनच्या विमानतळावर पकडला गेला. १९४६ साली टोकियोच्या खटल्यात त्याने साक्ष दिली, की आपण जे केले ते जबरदस्तीने केले. स्वतःला वाचवण्यासाठी तिथे खोटे बोललो, हे त्याने पुढे आत्मचरित्रात मान्य केले. १ ऑक्टोबर १९४९ रोजी माओ त्से तुंग यांनी नव्या राजवटीची घोषणा केली आणि १९५० साली सोव्हिएत सरकारने पुयीला चीनच्या हवाली केले. रशियाच्या झारला १९१८ साली बोल्शेविकांनी सहकुटुंब गोळ्या घातल्या होत्या. आपलेही तेच होणार, अशी त्याची खात्री होती.

तसे झाले नाही. फुशुनच्या तुरुंगात तो कैदी क्रमांक ९८१ झाला. वयाच्या ४४व्या वर्षी तो बुटाची नाडी बांधायला आणि अंथरुणाची घडी घालायला शिकला. पेटीच्या चोरकप्प्यात दडवलेले चारशेहून अधिक हिरेमाणकांचे नग त्याने अखेर अधिकाऱ्यांपुढे ठेवले. जवळच्या पिंगदिंगशान गावात जपानी सैन्याने १९३२ साली गावकऱ्यांची कत्तल केली होती. त्यातून वाचलेल्या एका बाईसमोर त्याला नेण्यात आले. आपल्या नावाने चाललेल्या राज्यात काय घडत होते, हे त्याने तिच्याकडून ऐकले.

४ डिसेंबर १९५९ रोजी त्याला माफी मिळाली. त्यानंतर तो बीजिंगच्या वनस्पती उद्यानात झाडांना पाणी घालू लागला. १९६२ साली ली शूश्यान या परिचारिकेशी त्याचा विवाह झाला. १९६४ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात मदतनिसाचा हात होता आणि सरकारची नजरही होती. सम्राटाचाही साधा नागरिक होऊ शकतो, हे कम्युनिस्ट सरकारला जगाला दाखवायचे होते, आणि त्यासाठी पुयीसारखा दुसरा नमुना नव्हता. म्हणून त्याचा पश्चात्ताप किती खरा, हा प्रश्न आजही विचारला जातो.

आमची उमर बँकेच्या नोकरीत गेली. तिथे पहिला धडा असतो तो सहीचा. वरून सांगितले म्हणून सही केली, हे उत्तर चौकशीत चालत नाही. पुयीला पहिल्या वेळी आणि दुसऱ्या वेळी दोष देता येत नाही, कारण तेव्हा तो अजाण होता. तिसऱ्या वेळी तो २६ वर्षांचा होता. तुरुंगात का होईना, सरकारच्या सोयीसाठी का होईना, त्या सह्या आपल्याच होत्या हे त्याने शेवटी लिहून दिले. सिंहासन गमावलेल्या फार थोड्या राजांनी एवढे केले आहे.

१९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि जुन्या राजवटीच्या माणसांचे दिवस पुन्हा फिरले. १७ ऑक्टोबर १९६७ रोजी पुयी मूत्रपिंडाच्या कर्करोगाने वारला. मूलबाळ नव्हते. त्याचा दफनविधी झाला नाही, दहन झाले. १९९५ साली त्याची रक्षा पूर्वजांच्या कबरींजवळच्या एका खासगी दफनभूमीत हलवण्यात आली. राजघराण्याच्या मूळ आवारात मात्र त्याला जागा मिळाली नाही.