महंमद तुघलक

आपल्या शाळेच्या पटांगणातून दौलताबादचा किल्ला दिसतो. घरात कुणी भलतंच काही ठरवलं की आजी त्याला तुघलकी कारभार म्हणते. पण हा तुघलक कोण, हे मला ठाऊक नव्हते. माझे वडील वाळूजच्या एका कारखान्यात फिटर आहेत. मालकांनी परदेशात नवा कारखाना काढला असून इथली काही माणसे दोन वर्षांसाठी तिकडे न्यायची आहेत. वडिलांचेही नाव त्या यादीत आहे. यादीचे ऐकून आजीने पुन्हा तुघलकाचे नाव घेतले, म्हणून मी गुरुजींकडून त्याची माहिती मिळवली.

त्याचे मूळ नाव जौनाखान. वडील गियासुद्दीन तुघलक यांच्यानंतर तो १३२५ साली दिल्लीच्या गादीवर बसला. तो मोठा विद्वान होता. फारसी, गणित, तर्कशास्त्र, वैद्यक, सगळे त्याला येई. अक्षरही सुंदर होते म्हणे. राज्य थेट दक्षिणेत मदुरेपर्यंत पसरलेले. दिल्लीत बसून एवढ्या लांबचा कारभार कसा बघायचा? म्हणून १३२७ साली त्याने यादवांच्या देवगिरीला राजधानी करायचे ठरवले आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले.

राजधानी हलवायची म्हणजे माणसे हलवायची. सरदार, अंमलदार, विद्वान, सूफी संत, त्यांची बायकामुले आणि नोकरचाकर, सगळ्यांना निघायचा हुकूम झाला. दिल्ली ते दौलताबाद ४० दिवसांची वाट! सुलतानाने काही तयारी केली नव्हती असे नाही. रस्त्याच्या कडेला झाडे होती, मुक्कामाच्या जागा होत्या. लोकांना पैसे आणि इथे राहायला घरे दिली. तरी उन्हातान्हात पुष्कळ माणसे वाटेतच गेली. सारी दिल्ली ओस पडली असे जुन्या पुस्तकांत आहे. पण त्याच वर्षांतले संस्कृत शिलालेख दिल्लीत सापडले आहेत, तेव्हा सगळेच गेले नसावेत, असे आता इतिहासकार म्हणतात. मला हे पटते. शेतकरी आणि कारागीर कशाला नेतील?

गंमत म्हणजे सुलतान इथे असला की त्याला प्यायला गंगेचे पाणी ४० दिवसांच्या वाटेने येई! हे इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. इथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असेही त्याने लिहिले आहे. आपल्या डाळिंबांची कीर्ती तेव्हाचीच, बरं का!

पण इथे राहून उत्तर सांभाळता येईना. मग १३३५ च्या सुमारास त्याने लोकांना परत जायची मोकळीक दिली. पुन्हा तीच वाट, पुन्हा तेच हाल. मधल्या काळात चांदीऐवजी तांब्या-पितळेची नाणी काढली, तर लोकांनी घरोघरी खोटी पाडली. तीही बंद करावी लागली.

सगळेच मात्र परतले नाहीत. बुऱ्हाणुद्दीन गरीब हे संत इथेच राहिले, खुलताबादला त्यांचा दर्गा आहे. दिल्लीचे कवी अमीर हसन यांची कबरही तिथेच आहे. कागजीपुऱ्यात हाताने कागद करायची कला त्याच लोकांबरोबर आली असे सांगतात. त्यांची बोली आपल्या मराठीत मिसळली आणि दखनी बोली झाली. १३४७ साली दख्खनच्या सरदारांनी बंड केले आणि दौलताबादेतच हसन गंगूला सुलतान केले. तेच बहमनी राज्य. तुघलकाच्या हातून दौलताबाद कायमचे गेले. १३५१ साली सिंधमध्ये एका बंडखोराचा पाठलाग करताना तो तापाने आजारी पडला आणि ठट्ट्याजवळ वारला.

वडिलांना मालकांनी विचारले आहे, हुकूम काही नाही. दिवाळीपर्यंत होय की नाही ते सांगायचे आहे. आम्हालाही बरोबर नेता येते. परवा आई पासपोर्टसाठी आमचे फोटो काढून घेऊन आली. आजी काढायला आली नाही.

(इयत्ता सातवी)